लोखंडाचा शीण



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी संपाच्या किंवा मोर्चाच्या इतिहासावर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी ‘लोखंडाचा शीण’ असे लिहून पाठवले. हा विषय इंजिनियरांचा आहे हे मला ठाऊक आहे, आणि कॉलेजाची पायरी मी कधी चढलेलो नाही. पण ह्या विषयाशी माझी गाठ एका चौकशीत पडली. तेव्हा आधी ती हकिगत सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात चालत्या यंत्राचा शाफ्ट मोडला आणि यंत्रावरच्या माणसाचा उजवा हात कायमचा निकामी झाला. चौकशीत युनियनच्या वतीने मी बसलो होतो. मालकपक्षाचे म्हणणे सरळ होते : कामगाराने यंत्र धसमुसळेपणाने चालवले, म्हणून शाफ्ट मोडला. चौकशीला जाण्याआधी एका म्हाताऱ्या फिटरने मला शाफ्टचा तुकडा दाखवला होता. मोडलेल्या तोंडाचा अर्ध्याहून अधिक भाग काळपट आणि गुळगुळीत होता. उरलेला भाग नुकत्याच फोडलेल्या खडीसाखरेसारखा चकचकीत. फिटर म्हणाला, “हा आज मोडलेला नाही. आज फक्त निकाल लागला.” मी चौकशीत हे सांगितले. मला विचारण्यात आले, “कशावरून?” मला उत्तर देता आले नाही. तुकडा मागवला, तर तो भंगारात गेला होता. कामगाराला भरपाई मिळाली; पण ‘निष्काळजीपणा’ हा शेरा त्याच्या कागदांवर कायम राहिला.

त्या “कशावरून?”चे उत्तर शोधण्यासाठी मी वाचनालयात जाऊ लागलो. तेथे मला कळले, की म्हाताऱ्या फिटरचे वाक्य शोधून काढायला आणि सिद्ध करायला युरोपातल्या विद्वानांना साठ वर्षे लागली होती. त्या शोधाचा इतिहास मी आज सांगणार आहे.

आगगाडी येण्यापूर्वी माणसाने जे काही मोठे बांधले, ते बहुतेक उभ्या वजनासाठी बांधले. देवळाचा खांब शिखर तोलतो. ते वजन आज जेवढे, तेवढेच उद्या. बैलगाडी चालते खरी, पण तिची चाल बैलाची. आगगाडीने दोन नव्या गोष्टी आणल्या : प्रचंड वजन आणि प्रचंड वेग, आणि दोन्ही एकदम. उभ्या वजनाचे गणित लोकांना येत होते. धावत्या वजनाचे गणित कोणालाच येत नव्हते, आणि ते येत नाही हेही कोणाला ठाऊक नव्हते.

८ मे १८४२ रोजी ते प्रथम जगाला कळले. फ्रान्सचा राजा लुई फिलिप याच्या उत्सवासाठी पॅरिसचे लोक व्हर्सायला गेले होते. संध्याकाळी परतणाऱ्या गच्च भरलेल्या गाडीला दोन इंजिने जोडलेली होती. वाटेत पुढच्या इंजिनाचा आस मोडला. आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा. इंजिन कोसळले, मागचे डबे त्यावर चढले आणि भट्टीतल्या निखाऱ्यांनी पेट घेतला. प्रवाशांनी मध्येच उतरू नये म्हणून डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद करण्याची रीत होती. पन्नासाहून अधिक माणसे आत जळाली. सारी पृथ्वी फिरून आलेला प्रसिद्ध दर्यावर्दी द्यूमाँ द्युर्व्हिल बायकोमुलासह त्यांत गेला. ह्या अपघातानंतर डबे कुलूपबंद करण्याची ती रीत फ्रान्समध्ये बंद झाली.

आस का मोडला? त्या काळचे उत्तर असे, की चांगले लोखंड तंतुमय असते. धक्क्यांनी आणि थरथरीने त्याचा पोत पालटतो, ते आतून खड्यांचे होते आणि ठिसूळ बनून तुटते. मोडलेल्या तोंडावर चकचकीत खडे दिसत, म्हणून हे मत सर्वांना पटे. स्कॉटलंडच्या विल्यम रँकिन या तरुणाला ते पटले नाही. त्याने मोडलेले आस गोळा करून नीट पाहिले आणि १८४३ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध ठेवला. त्याचे म्हणणे असे : आस एकदम मोडत नाही. जेथे जाड दांडा एकाएकी बारीक होतो, त्या कोपऱ्यात प्रथम बारीक चीर पडते. ती सभोवार आत सरकत जाते. मधला धड भाग लहान लहान होत जातो आणि एके दिवशी त्याला भार पेलत नाही. त्यावर त्याचा उपाय असा, की जाडीवरून बारीकवर येताना कोपरा काटकोनी ठेवू नका, गोलाई द्या.

माझ्या फिटरने दाखवलेला काळपट भाग तो हाच. चीर जुनी असते, तिच्या दोन कडा एकमेकींवर घासून गुळगुळीत होतात, त्यांत तेल आणि मळ शिरतो. चकचकीत भाग शेवटच्या क्षणाचा. पण रँकिनचे म्हणणे मागे पडले आणि खड्यांचे मत आणखी बरीच वर्षे चालत राहिले.

येथे एक जुना माणूस आठवला पाहिजे. जर्मनीतल्या हार्ट्‌स डोंगरात क्लाउस्थाल येथे खाणी होत्या. खाणीतून माल वर काढणाऱ्या लोखंडी साखळ्या अवचित तुटत. विल्हेल्म आल्बर्ट या खाण-अधिकाऱ्याने १८२९ च्या सुमारास साखळ्यांवर पुन्हापुन्हा भार घालून-काढून त्या कधी तुटतात हे पाहायला सुरुवात केली. एकदा टांगलेले वजन साखळी सहज पेलते, तेच वजन हजारो वेळा पेलताना ती तुटते, हे त्याने पाहिले. पुढे १८३४ मध्ये त्याने तारेचा दोर तयार करून खाणीत वापरला. त्यातली एखादी तार तुटली तरी बाकीच्या तारा भार धरून ठेवतात. आज आपण लिफ्टमध्ये पाय ठेवतो तो त्या तारेच्या दोराच्या भरवशावर.

आता इंग्लंडकडे वळू. चेस्टर गावाजवळ डी नदीवर रेल्वेचा पूल होता. तो बांधणारा रॉबर्ट स्टीफन्सन म्हणजे आगगाडीच्या जनकांपैकी एक असलेल्या जॉर्ज स्टीफन्सनचा मुलगा, आणि त्या काळचा नामांकित इंजिनियर. सुमारे ९८ फुटांच्या तीन गाळ्यांवर बिडाच्या तुळया टाकलेल्या होत्या आणि त्यांना घडीव लोखंडाच्या पट्ट्यांचा आधार दिलेला होता. बीड दाबाला चिवट, पण ताणाला ठिसूळ. २४ मे १८४७ रोजी पुलाच्या लाकडी फळ्यांना इंजिनाच्या ठिणग्यांनी आग लागू नये म्हणून स्टीफन्सनच्याच सांगण्यावरून रुळांवर पाच इंच खडी पसरली गेली. पुलाचे ओझे वाढले. त्याच संध्याकाळी गाडी शेवटच्या गाळ्यावर आली. पूल पायाखाली खचतो आहे असे ड्रायव्हरला जाणवले, त्याने वाफ वाढवली. इंजिन पलीकडे पोचले, डबे नदीत पडले. पाच माणसे मेली : तीन प्रवासी, गाडीचा गार्ड आणि इंजिनावरचा फायरमन.

चौकशीत स्टीफन्सनने सांगितले, की गाडी आधी रुळांवरून घसरली आणि तिच्या धक्क्याने तुळई मोडली. म्हणजे दोष गाडीचा. पण साक्षीदारांचे म्हणणे होते, की तुळई आधी मोडली. पंचांनी कोणाला गुन्हेगार ठरवले नाही. पण तुळई पुरेशी मजबूत नव्हती असे स्पष्ट म्हटले आणि सरकारने सर्वच बिडाच्या पुलांची तपासणी करावी अशी मागणी केली. सामान्य माणसांच्या साक्षी त्या दिवशी एका विख्यात इंजिनियरच्या शब्दापुढे टिकल्या, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्या टिकल्या म्हणून पुढचे संशोधन झाले.

त्याच वर्षी शाही आयोग नेमला गेला. केंब्रिजचे प्राध्यापक रॉबर्ट विलिस आणि लष्करी इंजिनियर कॅप्टन जेम्स त्याचे सभासद होते, आणि लेफ्टनंट गाल्टन चिटणीस. पोर्ट्‌स्मथच्या गोदीत त्यांनी उंचावरून उतरता रूळमार्ग बांधला. वरून गाडा सोडायचा, तो खाली वेगाने येऊन बिडाच्या दोन पट्ट्यांवरून धावायचा, आणि पट्ट्या किती वाकल्या ते मोजायचे. १,१२० पौंडांचा गाडा नऊ फूट लांबीच्या पट्ट्यांवर नुसता उभा केला तर त्या सहा दशांश इंच वाकत. ताशी १० मैलांनी धावला तर आठ दशांश. ताशी ३० मैलांनी धावला तर दीड इंच! गाडा तोच, वजन तेच, पट्ट्या त्याच. वेगाने वाकण्याचे माप दुपटीहून अधिक झाले. तोपर्यंत कित्येक जाणत्यांना वाटे, की गाडी जितकी वेगात जाईल तितका पुलाला वाकायला अवकाश कमी. पातळ बर्फावरून पळत सुटावे तसा काहीसा हा विचार. पोर्ट्‌स्मथच्या गोदीने तो खोटा ठरवला.

मोठ्या, जड पुलांवर मात्र ही वाढ बरीच कमी भरली. असे का, याचा विचार विलिसने केला आणि त्याचे समीकरण जॉर्ज स्टोक्स या गणितज्ञाने १८४९ मध्ये सोडवले. धावत्या वजनाच्या गणिताची ही सुरुवात होय.

त्याच आयोगाने दुसराही प्रयोग केला. फिरत्या चाकाने बिडाच्या पट्ट्या पुन्हापुन्हा वाकवायच्या आणि सोडायच्या. मोडायला लागणाऱ्या भाराच्या एक तृतीयांश भाराने पट्टी जितकी वाकेल, तितकी ती वाकवली, तर दहा हजार वेळांनंतरही धड राहिली. निम्म्या भाराइतकी वाकवली, तर नऊशे वेळांच्या आत मोडली. निम्मा भार म्हणजे कागदावर दुप्पट सुरक्षितता. आणि तरी पट्टी मोडते.

डीच्या पुलाचा आपल्याशी एक धागा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली गाडी धावली, त्या जी. आय. पी. रेल्वेचा लंडनमधील सल्लागार इंजिनियर हाच रॉबर्ट स्टीफन्सन होता, आणि मुंबईत काम उभारणारा जेम्स बर्कली हा त्याच्याच हाताखाली तयार झालेला. डी नदीत पूल पडल्यानंतर सहाच वर्षांनी आपल्याकडे आगगाडी आली. युरोपने चुकांची किंमत देऊन मिळवलेले हे ज्ञान तेव्हा अगदी ताजे होते.

बिडाचे झाले, पण आसाचा प्रश्न राहिलाच होता. तो सोडवला ऑगस्ट व्होलर याने. बर्लिनहून ब्रेसलाऊला जाणाऱ्या प्रशियन रेल्वेच्या डब्यांचा आणि कर्मशाळेचा तो प्रमुख होता. रोज मोडके आस त्याच्या दारी येत. त्याने मत देण्याआधी मोजायचे ठरवले. चालत्या गाडीच्या आसाला असे उपकरण बसवले, की प्रवासात आस जास्तीत जास्त किती वाकला त्याची रेघ जस्ताच्या पत्र्यावर उमटावी. गाडी हजारो किलोमीटर फिरून आली, की तो रेघ वाचायचा. अशा रीतीने आसाला खरोखर किती सोसावे लागते, हे आसानेच सांगितले.

ह्याचा अर्थ आपण मुंबई–पुणे गाडीवर करून पाहू. डबा आसावर बसलेला असतो, त्यामुळे आस किंचित वाकतो. एका अंगाला ताण, दुसऱ्या अंगाला दाब. पण आस फिरतो आहे. ज्या अंगाला आता ताण आहे, अर्ध्या फेऱ्यानंतर त्यालाच दाब, पुढच्या अर्ध्यात पुन्हा ताण. एक मीटर व्यासाचे चाक धरले तर एका किलोमीटरला ३१८ फेरे होतात. मुंबई ते पुणे १९२ किलोमीटर. म्हणजे सुमारे ६१ हजार फेरे. रोज एकदा जाऊन-येऊन धरले तर वर्षाच्या तीनशे दिवसांत साडेतीन कोटींहून अधिक. एखादी तार हातांनी इकडून तिकडे वाकवून तोडणारा प्रत्येक वायरमन जे करतो, तेच अगदी हलक्या हाताने, पण कोटी कोटी वेळा.

व्होलरने आसावर वजन टांगून तो सतत फिरवत ठेवणारी यंत्रे बांधली आणि १८७० पर्यंत वर्षानुवर्षे ती चालवली. त्याचे निष्कर्ष आजही अभियंत्यांना पहिल्या पाठात शिकवतात. लोखंड ज्या एका भाराने मोडते, त्याहून कितीतरी कमी भार पुन्हापुन्हा घातला तर ते मोडते. भार किती मोठा, याइतकाच तो कुठून कुठवर खालीवर होतो याला अर्थ आहे. आणि तिसरी, दिलासा देणारी गोष्ट : लोखंड-पोलादासाठी अशी एक मर्यादा आहे, की तिच्या खाली राहिले तर कोट्यवधी फेऱ्यांनंतरही तुकडा मोडत नाही.

ह्या दुखण्याला इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ब्रेथवेट याने १८५४ च्या निबंधात ‘थकवा’ हा शब्द वापरला. आपण शीण म्हणू. पण माणसाच्या आणि लोखंडाच्या शिणात एक अंतर आहे. माणसाचा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. लोखंडाची चीर विश्रांतीने भरून येत नाही. आठवडाभर यंत्र बंद ठेवले तरी सोमवारी चीर शनिवारी होती तेथेच असते, आणि तेथूनच पुढे चालू लागते.

खड्यांचे मत अखेर १९०३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली निकालात निघाले. जेम्स आल्फ्रेड यूइंग आणि हंफ्री यांनी घासून लखलखीत केलेल्या लोखंडावर पुन्हापुन्हा ताण देऊन पाहिले. लोखंडात कण मुळापासूनच असतात. त्या कणांत बारीक घसरणीच्या रेघा उमटतात, रुंद होतात आणि त्यांतूनच चीर जन्मते. रँकिन बरोबर होता. साठ वर्षांनी ते डोळ्यांना दिसले.

हाच यूइंग पुढे पुलांकडे वळला. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये पुलांवरील ताणांसाठी समिती नेमली गेली, तिचा तो अध्यक्ष. १९२८ मध्ये तिचा अहवाल आला. वाफेच्या इंजिनात दट्ट्याची मागेपुढे हालचाल तोलण्यासाठी चाकाच्या एका बाजूला जादा वजन बसवतात. गोफणीत दगड फिरवताना हाताला ओढ लागते ना? तशीच ही ओढ. कधी वर, कधी खाली रुळावर हातोड्यासारखी. वेग दुप्पट झाला, की ओढ चौपट होते. ह्या फेऱ्याफेऱ्याच्या घावाचा ताल पुलाच्या स्वतःच्या तालाशी जुळला, तर पूल झोपाळ्यासारखा अधिकाधिक हलतो. समितीने दाखवले, की पुलाला अधिक सोसायला लावणारे मोठे कारण इंजिनाच्या चाकातच आहे. विलिसच्या गाड्यापासून सुरू झालेला प्रश्न पाऊणशे वर्षांनी येथवर आला.

एवढे सारे कळल्यावर तरी हे थांबायला हवे होते. १९५४ मध्ये ब्रिटनची कॉमेट ही नवी जेट विमाने १० जानेवारीला एल्बा बेटाजवळ आणि ८ एप्रिलला नेपल्सजवळ आकाशातच फुटली. ३५ आणि २१ माणसे गेली. ब्रिटिश नौदलाने समुद्रतळातून तुकडे वर काढले. फार्नबरो येथील संशोधन संस्थेत आर्नल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली एक अख्खे विमान पाण्याच्या हौदात ठेवले. विमान उंच गेले की आतल्या हवेचा दाब त्याची कातडी फुगवतो, खाली आले की सोडतो. तीच फुगवण पाण्याने पुन्हापुन्हा केली. प्रत्यक्ष उड्डाणे आणि हौदातले फेरे मिळून ३,०५७ व्या वेळी कातडी फाटली, खिडकीच्या कोपऱ्याशी. एल्बाजवळच्या विमानाची चीरही छतावरच्या अशाच एका चौकटीच्या कोपऱ्यापासून निघाली होती. त्याचे १,२९० फेरे झाले होते. रँकिनने कोपऱ्याला गोलाई द्या म्हटले, त्याला तेव्हा एकशे अकरा वर्षे झाली होती.

आणि त्यानंतरही ३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशेडे येथे ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चाकाची पोलादी धाव शिणून तुटली. चीर धावेच्या आतल्या अंगाने वाढत आली होती. तुटलेली धाव डब्याच्या जमिनीतून वर आली. एका प्रवाशाने जाऊन कंडक्टरला सांगितले. नियम असा समजला जात होता, की आधी स्वतः पाहावे, मग गाडी थांबवावी. तेवढ्यात गाडी रुळांच्या सांध्यांवर घसरून पुलावर आदळली. १०१ माणसे गेली.

श्रोतेहो, ह्या सगळ्या हकिगतींत विद्वत्ता कमी पडली असे मी म्हणणार नाही. रँकिन, विलिस, व्होलर यांनी आपल्याला जे दिले त्याचे ऋण मोठे आहे. पण शोध कोठे पुढे सरकला, ते पाहा. तुकडा जपून ठेवला तेथे. साक्ष देणाऱ्याचे ऐकले तेथे. किती फेरे झाले याची मोजदाद केली तेथे. जेथे ह्यांतले काही झाले नाही, तेथे चीर पुढे चालत राहिली आणि तिच्या शेवटी जो माणूस उभा होता, त्याच्या नावावर दोष लिहिला गेला.

पूर्वी स्टेशनात गाडी थांबली, की लांब दांड्याची हातोडी घेऊन एक माणूस चाकांवर टकटक करीत जाई. धड चाक घंटेसारखे खणखणे. चीर असली, की आवाज बद्द येई. आज आस आणि रूळ ध्वनिलहरींनी तपासतात; यंत्र बदलले, तत्त्व तेच. लहानपणी ती हातोडी पाहून मला वाटे, हा माणूस उगाच पगार खातो. आज वाटते, त्या फलाटावर गाडीची चौकशी अपघाताच्या आधी करणारा तो एकटाच माणूस होता.

आमच्या युनियनच्या कार्यकर्त्यांना मी तेव्हापासून एक सूचना देत आलो आहे. तीच आज येथे देतो. कुठे काही मोडले आणि माणूस जायबंदी झाला, तर आधी त्या माणसाला दवाखान्यात न्या. आणि लगेच दुसरा माणूस पाठवून मोडलेला तुकडा कागदात गुंडाळून, सही-शिक्क्यानिशी कुलुपात ठेवायला लावा. त्याचे तोंड काळपट किती आणि चकचकीत किती, ते पाहा. यंत्र किती वर्षे, किती फेरे चालले, ते विचारा. आवाज बदलला होता हे कोणी आधी सांगितले होते का, ते विचारा. त्या चौकशीत मला हे माहीत असते, तर “कशावरून?” ह्या प्रश्नाला मी तुकडा पुढे करून म्हटले असते, “ह्याच्यावरून.”